इमाम जहाजाची शिडं

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकतो. गावात सगळे सांगतात, दुकानात सांगतात, बायको तर फोनवरसुद्धा सांगते. मी कधी मनावर घेतलं नाही. एकदा मात्र त्या रागापायी एका भल्या माणसाचं असं काही गेलं की ते मला कशानेही भरून देता आलं नाही. तेच सांगायला बसलोय.

मस्कतच्या गाला भागातल्या एका दुकानात मी गाड्यांच्या सीटा शिवतो. एकोणतीस वर्षं झाली. दुकान एका ओमानी अर्बाबचं, म्हणजे मालकाचं. तो आठवड्यातून दोनदा येतो, चहा पितो, 'सगळं ठीक?' विचारतो आणि जातो. बाकी दुकान म्हणजे मी आणि माझा जोडीदार. मी शिवणारा, तो कापणारा. तो देवगडकडचा, मी मालवणकडचा. एका खोलीत राहतो, आळीपाळीने भात-आमटी रांधतो आणि दिवसभर एकमेकांची खेचतो. एका बाजूला टायरवाला, समोर डेंटिंग-पेंटिंग, मागे गाड्यांच्या काचा बसवणारे. सकाळी शटर वर केलं की संध्याकाळपर्यंत कानात ठोकाठोक आणि नाकात पेंटचा वास.

आमच्या धंद्यातली एक लबाडी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. सीटच्या कव्हरवर उभ्या पट्ट्या दिसतात ना, त्या खरं तर एकेक वेगळ्या कापून एकमेकींना जोडायच्या असतात. ते काम दिवसभराचं. पण एकसंध कापड घेऊन त्याच्यावर सारख्या अंतराने नुसती मशीन फिरवली, तरी हातभर अंतरावरून पट्ट्या जोडल्यासारखंच दिसतं. आम्ही दोघं तिला खोटी शिवण म्हणतो. एकोणतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने ती पकडली नव्हती, आणि याचा मला थोडा गर्वच होता.

हाजी पहिल्यांदा आले ते जुनी लँड क्रूझर घेऊन. सत्तरीच्या पुढचे, उंच, अंगावर पांढरी स्वच्छ पायघोळ दिशदाशा, डोक्यावर कुमा टोपी. स्टिअरिंगला चामडं चढवून हवं होतं. ते काम मशीनवर होत नाही, हातानेच टाके घालावे लागतात. मी गाडीत बसून शिवत होतो आणि ते दारात उभे राहून माझ्या हाताकडे बघत होते. अगदी जवळ वाकून, मान थोडी डावीकडे वळवून. मला कोणी असं बघितलेलं खपत नाही. मी म्हणालो, "अर्बाब, उधर कुर्सी है."

"मैं तुम्हारा अर्बाब नहीं. हाजी बोलो," ते हसून म्हणाले. "ये हाथ का सिलाई किधर सीखा?"

मी सांगितलं, माझा बाप शिडं शिवायचा. आमच्या किनाऱ्यावर मचव्यांना इंजिनं बसायच्या आधी सगळा कारभार शिडावर होता आणि आजूबाजूच्या चार गावांची शिडं आमच्या पडवीत शिवली जायची. दोऱ्याला मेण लावून देणं हे लहानपणी माझं काम होतं. इंजिनं आली, बापाचा धंदा बसला आणि मी मुंबईला सीटा शिवायला शिकलो.

दुसऱ्या दिवशी हाजी गाडी न्यायला आले आणि मला म्हणाले, "यल्ला, मेरे साथ घर चलो. एक चीज दिखाता हूँ."

अल हैलला समुद्राच्या दोन गल्ल्या अलीकडे त्यांचं घर. पाहुण्यांच्या खोलीत गालिचा, भिंतीला टेकून लोड, आणि खिडकीखाली एका मोठ्या टेबलावर ते जहाज. मी चपला काढायलाच विसरलो. चार फूट लांबीचं, सागवानी, तीन डोलकाठ्यांचं. दोन्ही बाजूंना तोफांची भोकं ओळीने, प्रत्येक भोकातून एकेक काळी नळी डोकावणारी. दोऱ्या तर किती! हाजींनी चार वर्षं एकट्याने बसून केलेलं काम. सगळं होतं, फक्त शिडं नव्हती.

त्यांची मुलगी शाळेत शिकवते. तिने कहवा आणि खजूर आणून ठेवला. हाजींनी मला बसवलं आणि त्या जहाजाची नोकरी सांगितली. होय, नोकरीच म्हणायचे ते. "इसका सर्व्हिस सुनो," असं.

हे जहाज दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं, मस्कतच्या इमामासाठी, म्हणजे इथल्या तेव्हाच्या राजासाठी. मलबारचं सागवान, मुंबईचे सुतार, चौऱ्याहत्तर तोफा. मुंबई म्हटल्यावर मी जरा ताठ बसलो. दहाएक वर्षं ते इमामाकडे राहिलं. मग इमामाने ते इंग्लंडच्या राजाला भेट देऊन टाकलं. तोफांसकट, शिडांसकट. इंग्रजांनी त्याचं नाव बदलून 'इमाम' ठेवलं आणि आपल्या आरमारात घेतलं. उलट राजाने काय पाठवलं? एक नटवलेली शौकाची नौका. तिचं इथे कुणाला काही काम नव्हतं, म्हणून पुढे ती कलकत्त्याच्या लाटसाहेबाला देऊन टाकली. मला हसू आवरेना. आमच्याकडे लग्नातल्या आहेराच्या साड्या अशाच फिरतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. हाजींनी ते मुलीला अरबीत सांगितलं आणि तीही हसली.

"मग इंग्रजांनी त्याला कुठल्या लढाईत नेलं?" मी विचारलं.

"किसी में नहीं," हाजी म्हणाले. इंग्रजांनी ते जमैकाला नेऊन बंदरात बांधून ठेवलं. त्यांनी वाचलं होतं त्याप्रमाणे डोलकाठ्या उतरवल्या, शिडं काढून टाकली. नवे खलाशी यायचे, त्यांना दुसरं जहाज मिळेपर्यंत याच्यात ठेवायचे. म्हणजे आमच्या कंपन्यांचा लेबर कॅम्प असतो ना, तसा. वीसेक वर्षं ते तिथेच उभं राहिलं आणि शेवटी मोडून टाकलं. जमैका मला क्रिकेटमुळे ठाऊक होतं. मुंबईचं सागवान तिथे जाऊन सडलं असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

हाजी स्वतः इथल्या नौदलात होते. पण पस्तीस वर्षं किनाऱ्यावरच्या गोदामात. दोऱ्या, रंग, ब्लँकेटं. समुद्रावर किती वेळा गेलो ते बोटांवर मोजता येईल, असं म्हणाले. हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं असं नाही, पण जहाजाच्या डोलकाठीवरून ते उगाच बोट फिरवत होते. मीही गाल्यातल्या एका शटरमागे एकोणतीस वर्षं बांधलेला. त्या म्हाताऱ्याबद्दल मला तिथेच माया वाटायला लागली.

"इंग्रेज लोग इसको बीस साल नंगा रखा," ते म्हणाले. "मेरे घर में पूरा कपड़ा पहनेगा. तुम सियेगा?"

मग मुलीने मला बाहेर सोडायला येताना खरी गोष्ट सांगितली. बाबांना वीस वर्षांची शुगर. डावा डोळा गेलेला. उजव्या डोळ्यात आतल्या आत रक्त उतरतं, लेझरने थोपवून धरलंय. पुन्हा उतरलं तर तोही जाणार, आणि ते उद्या उतरेल की दोन वर्षांनी, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. "त्यांना एकदा ते जहाज सगळ्या शिडांनी भरलेलं बघायचंय," ती म्हणाली. "दुसरं काही मागत नाहीत. तुम्ही लवकर कराल ना?"

मी म्हणालो, "मी इन्शाल्ला म्हणत नाही बाई, करतोच." अशी फुशारकी.

हाजींनी कागदावर प्रत्येक शीड काढून दिलं होतं. लहानमोठी मिळून बावीस. खऱ्या शिडाचं कापड रुंद नसायचं, अरुंद पट्ट्या एकमेकींवर चढवून दुहेरी शिवणीने जोडायचे, म्हणून त्यांच्या कागदावर प्रत्येक शिडात पट्ट्यांच्या रेघा होत्या. जहाजाच्या मापाने एकेक पट्टी करंगळीएवढी. सर्वांत मोठ्या शिडात बावीस-तेवीस पट्ट्या. कापड त्यांनीच दिलं, नव्या दिशदाशासाठी घेतलेलं तलम सुती. मी मनात हिशेब केला आणि घाम फुटला. वर रमजान जवळ आलेला. ईदच्या आधी प्रत्येकाला गाडीच्या सीटा नव्या हव्या असतात. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

जोडीदाराने कागद बघितला आणि म्हणाला, "मेल्या, ह्या सगळा जोडूक बसलंस तर पुढल्या चतुर्थीक घराक जातलंस. मार खोटी शिवण. म्हाताऱ्याक एका डोळ्यान काय दिसतला?"

त्याला दोष देत नाही. माझ्याही डोक्यात तेच होतं, त्याने फक्त बोलून दाखवलं. मी एकसंध कापडावर बारीक सुईने रेघेरेघेवर मशीन मारली. चार संध्याकाळी, दुकान बंद करायच्या आधी तास-तास. बावीस शिडं तयार. खळ लावून, वाटीवर पालथी घालून त्यांना वारा भरल्यासारखा फुगार आणला. दिसत होती छान, खोटं कशाला बोलू.

रमजान लागायच्या दोन दिवस आधी मी ती घेऊन गेलो. एकेक शीड मी दोरीला लावत होतो आणि हाजी शेजारी उभे होते. सगळी चढली तेव्हा त्यांनी मला बाजूला केलं, चार पावलं मागे गेले, मान वळवून उजवा डोळा लावला आणि बघत राहिले. बराच वेळ. त्यांचे ओठ हलत होते, काही आवाज नव्हता. मुलगी दारात उभी होती, तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, पावलो.

मग ते पुढे आले आणि त्यांनी मोठ्या शिडावर बोटं ठेवली. शिवणीवरून आडवी फिरवली. एकदा, परत एकदा. खऱ्या शिवणीला दोन पदर असतात, बोटाला उंचवटा लागतो. हा माणूस पस्तीस वर्षं गोदामात कापडच हाताळत होता, हे मी विसरलो होतो.

"ये तो एक ही कपड़ा है," ते म्हणाले.

आवाज चढला नाही, काही नाही. नुसतं म्हणाले, पुन्हा नव्याने कर. तिथे मी मान खाली घालून 'हां हाजी' म्हणायला हवं होतं. पण एकोणतीस वर्षांत कोणी न पकडलेली चोरी पकडली गेली होती, तीही त्या मुलीसमोर. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "हाजी, कोण येऊन बोट लावणार आहे? हातभर लांबून बघा, खरी आणि खोटी, दोन्ही एक जैसा दिखता है!" हे मी चांगलं दोन-तीनदा म्हणालो, हात नाचवून. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी शांतपणे एकेक शीड उतरवलं, घडी केली आणि उरलेल्या कापडासकट पिशवी माझ्या हातात दिली.

मी ती पिशवी दुकानात आणून फळीवर भिरकावली. पूर्ण रमजान मी फुगून बसलो. जोडीदाराने दोनदा आठवण केली, 'त्या शिडांचा काय झाला रे?' मी त्याच्यावर खेकसलो. काम खूप होतं, हे खरं. पण कामामुळे नाही, रागाने बसलो होतो. एवढं चार संध्याकाळी राबलो त्याचं काही नाही, आणि म्हाताऱ्याला नखभर उंचवटा हवा, असं माझं चाललं होतं. हाजींचा एक फोन आला, 'कैसा है, सादीक?' एवढंच विचारायला. सादीक म्हणजे अरबीत दोस्त. शिडांचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

ईद झाली. त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी हाजींची मुलगी गाडी घेऊन दुकानात आली. मला वाटलं पिशवी मागायला आली असेल. ती गाडीतून उतरली नाही, काच खाली करून म्हणाली, "ईदच्या दुसऱ्या दिवशी रक्त उतरलं. ऑपरेशन केलं, पण उपयोग नाही. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो." मग म्हणाली, "ते म्हणतायत, वेळ झाला की आणून दे. घाई नाही."

ती गेली आणि मी फळीखाली बसलो. जोडीदाराने पंखा माझ्याकडे वळवला आणि माझ्या हातातली सीट स्वतः शिवायला घेतली. घाई नाही. या दोन शब्दांनी मला जेवढं झोडपलं तेवढं कोणाच्या शिव्यांनी झोडपलं नसतं. एक महिना होता माझ्याकडे. त्या माणसाला जे एकच बघायचं होतं ते त्या महिन्यात दिसलं असतं, आणि मी नाक वर करून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

मशीनला हात लावला नाही. उरलेल्या कापडाच्या करंगळीएवढ्या पट्ट्या जोडीदाराने कापल्या. असा कापणारा अख्ख्या गाल्यात नाही, एकही पट्टी वाकडी नव्हती. मी दोऱ्याला मेण लावून हाताने शिवत गेलो. दर शुक्रवारची अख्खी सकाळ आणि रोज जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास. पट्टीवर पट्टी, दोन ओळींची शिवण, बापाच्या पडवीत व्हायची तशी. माझे डोळेही आता साठीचे. सुईत दोरा ओवताना दर वेळी हाजींची आठवण यायची. अडीच महिने लागले.

घेऊन गेलो तो शुक्रवार होता. दुपारच्या नमाजानंतरची वेळ. हाजी लोडाला टेकून बसले होते, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे. माझं पाऊल ओळखलं, "आओ सादीक." मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मोठं शीड त्यांच्या मांडीवर ठेवलं. खालच्या कोपऱ्यात एक टाका मी मुद्दाम घातला नव्हता. आमच्या घरची रीत होती ती. शिडाचा शेवटचा टाका मचव्याच्या मालकाने घालायचा. बाप म्हणायचा, तो टाका पडला की शीड त्याचं, मग वाऱ्याने फाटलं तरी आमच्या नावाने बोंब मारायची नाही. पहिल्या खेपेला ही रीत मला आठवलीसुद्धा नव्हती. मशीनने शिवलेल्याला कसला आलाय शेवटचा टाका!

हे मी त्यांना सांगितलं. त्यांच्या बोटात सुई दिली, माझ्या हाताने त्यांचा हात धरून जागा दाखवली. टाका तिरका पडला. मी तो तसाच ठेवला आणि गाठ मारली.

मग ते शिवणींवरून बोट फिरवत मोजायला लागले. वाहिद, इथनीन, थलाथा... एकही पट्टी सोडली नाही. शेवटच्या पट्टीवर आले आणि त्यांनी मान हलवली, "पूरा." मुलगी आणि मी मिळून बावीसही शिडं चढवली. हाजींना धरून टेबलापाशी आणलं. त्यांनी डोलकाठीच्या टोकापासून खालपर्यंत दोन्ही हातांनी जहाज चाचपलं, कपडे घातलेल्या लेकराला चाचपावं तसं.

मला राहवलं नाही. म्हणालो, "हाजी, मुझे माफ करो. तब करके लाता, तो आप देख लेते. मेरे गुस्से ने आपका देखना खा लिया." बोलता बोलता मी रडायला लागलो. साठीचा माणूस, परक्याच्या घरात.

हाजींनी चाचपडत माझा खांदा शोधला. "देखा ना," ते म्हणाले. "तुम पहले लाया था, तब देखा. पूरा देखा. अभी भी वही दिखता है." आणि मग मला बरं वाटावं म्हणून, अगदी मनापासून म्हणाले, "तुम ही बोला था ना, लांबा से दोनों एक जैसा दिखता है? खलास. तो मैंने यही देखा."

दुपारचं ऊन खिडकीतून त्या शिडांच्या मागून येत होतं. जिथे जिथे कापडाचे दोन पदर होते तिथे तिथे बारीक गडद रेघ उमटली होती, वरपासून खालपर्यंत, बावीसही शिडांवर. पहिल्या शिडांवर ती कधीच उमटली नसती. चार पावलांवरून मला ती स्पष्ट दिसत होती. मुलीनेही ती पाहिली आणि माझ्याकडे बघितलं.

"है ना?" हाजींनी विचारलं. "एक जैसा?"

"हां हाजी," मी म्हणालो. "एकदम एक जैसा."